त्रास काहीच नाही, पण कॅलप्रोटेक्टिन ३४०: हा रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला वारंवार सूज येण्याचा आजार) नऊ वर्षांपासून, मोठ्या आतड्याच्या डाव्या भागापुरता. सूज आटोक्यात ठेवणारी मेसालामाइन आणि अझाथायोप्रिन ही औषधं चालू. गेली दोन वर्षं त्रास नाही, दिवसातून एक-दोनदा शौच, रक्त नाही. आठ महिन्यांपूर्वी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) ८५ होतं, आता दुसऱ्या लॅबमध्ये ३४० आलं. मधल्या काळात पाठदुखीसाठी काही दिवस डायक्लोफेनॅक घेतलं होतं. औषध वाढवायचं का, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करावीच लागेल का, सोबत लॅक्टोफेरिन हे दुसरं प्रथिनही तपासावं का आणि ही तपासणी किती दिवसांनी करत राहायची, असं विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर. या एका आकड्यावर औषध वाढवू नका. पण 'मला तर बरं वाटतंय' म्हणून रिपोर्ट फाईलमध्ये ढकलूनही देऊ नका. वेदनाशामक बंद करून तीन-चार आठवड्यांनी, आधीच्याच लॅबमध्ये, नीट नमुना घेऊन पुन्हा तपासा. पुढचं त्यावर ठरेल. असं का, ते आता जरा सविस्तर सांगतो.

कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. या पेशींच्या आतल्या द्रवात जी प्रथिनं विरघळलेली असतात, त्यांतला निम्म्याहून मोठा वाटा, जवळपास ६० टक्के, या एकट्याचा असतो. जस्त आणि मँगनीज धरून ठेवून जंतूंची उपासमार करणं हे त्याचं काम. आतड्याच्या अस्तराला सूज आली की न्यूट्रोफिल रक्तातून अस्तरात शिरतात, तिथून आतड्याच्या पोकळीत उतरतात, फुटतात आणि हे प्रथिन शौचात मिसळतं. कॅल्शियम जोडलेलं असताना ते एन्झाइमांना सहजासहजी दाद देत नाही, त्यामुळे शौचातही बऱ्यापैकी टिकतं आणि लॅबमध्ये मोजता येतं. १९८० मध्ये नॉर्वेच्या माग्ने फागरहोल यांच्या गटाने ते वेगळं केलं, आणि शौचात मोजायची पद्धत १९९२ मध्ये आली.

म्हणजे हा आकडा इतकंच सांगतो, की आतड्यात न्यूट्रोफिल किती उतरले. ते का उतरले, कुठे उतरले, हे त्याला माहीत नसतं. कोलायटिस उफाळला तरी वाढेल, जंतुसंसर्गाने जुलाब झाले तरी वाढेल, वेदनाशामक गोळ्यांनी अस्तर खरवडलं गेलं तरी वाढेल, मोठ्या आतड्यात गाठ असेल तरी वाढू शकेल. सूज 'आहे का आणि साधारण किती' या प्रश्नाला ही तपासणी फार चांगली आहे. 'कशामुळे' हा प्रश्न तिला विचारू नये.

मग रक्तातल्या सीआरपीवर का भागत नाही? सीआरपी हे प्रथिन यकृतात बनतं, आणि ते सगळ्या शरीराच्या सुजेला प्रतिसाद देतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज आतड्याच्या सर्वांत आतल्या थरापुरती असते. आजार सौम्य असेल तर यकृतापर्यंत तिची दखलही जात नाही. शिवाय काही माणसांच्या शरीरात सीआरपी फारसं वाढतच नाही. म्हणून सीआरपी वाढलेलं असेल तर त्याला महत्त्व द्यायचं, नॉर्मल असेल तर निश्चिंत व्हायचं नाही. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहाच्या आजारात सूज आतड्याच्या भिंतीत आरपार असते, तिथे सीआरपीला जास्त वजन आहे आणि मी दोन्ही एकत्र बघतो.

आता ३४० म्हणजे किती? एकक असतं मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम शौच. निरोगी प्रौढ माणसात बहुतेक वेळा ५० च्या आत. लॅबच्या रिपोर्टवर हाच ५० चा आकडा छापलेला असतो आणि त्यापुढचं सगळं ठळक अक्षरांत येतं. तिथेच पहिला घोळ होतो. तो ५० हा 'या माणसाला आतड्याचा दाह असेल का' हे ठरवताना वापरायचा आकडा आहे. ज्याला आजार आहे हे आधीच माहीत आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायला तो निकष फार कडक होतो. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स दोन्हींसाठी १५० ची रेघ धरतात. उपचारांचं लक्ष्य काय असावं हे सांगणाऱ्या २०२१ च्या स्ट्राइड-२ या आंतरराष्ट्रीय शिफारशी १०० ते २५० असा पट्टा देतात. अनेक अभ्यासांत २५० च्या वर आतून सूज सापडण्याची शक्यता बरीच वाढते. जोरदार उफाळलेल्या आजारात आकडा हजाराच्या पुढे सहज जातो.

पण आकड्याचा अर्थ तो कोणाचा आहे यावर बदलतो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. त्रास अजिबात नाही आणि आकडा १५० च्या खाली, तर आत मध्यम किंवा तीव्र सूज लपलेली असण्याची शक्यता कमी. अशा माणसाला केवळ खात्रीसाठी कोलोनोस्कोपीला पाठवायची गरज नसते. याउलट दिवसातून सात-आठ वेळा जुलाब, रक्त, आणि आकडा ९००, तर दुर्बिणीची वाट न बघता उपचार वाढवता येतात. मात्र शौचात संसर्ग, विशेषतः क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचा, नाही ना हे आधी तपासायचं. या दोन टोकांवर कॅलप्रोटेक्टिन उत्तम काम करतं. अडचण मधल्यांची. त्रास नाही पण आकडा वाढलेला, किंवा त्रास थोडासाच आणि आकडा काहीही असो: इथे नुसत्या आकड्यावर औषध बदलण्यापेक्षा आत बघावं, असंच त्या २०२३ च्या सूचनाही म्हणतात. त्रास नसणाऱ्यांनी काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करून बघणं हाही पर्याय त्यांनी मान्य केला आहे. तुमचा आकडा याच मधल्या जागेत आहे, शिवाय दोन गोष्टी त्याला संशयास्पद करतात: लॅब बदलली, आणि डायक्लोफेनॅक.

लॅबचं आधी. वेगवेगळ्या कंपन्यांचे किट एकाच नमुन्याला वेगवेगळे आकडे देतात, कधीकधी दुपटीहून जास्त फरक पडतो. ८५ आणि ३४० या दोन आकड्यांमधला किती फरक आजाराचा आणि किती किटचा, हे कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून एकच लॅब धरा. लॅबने मधेच पद्धत बदलली असेल तर तेही विचारून घ्या. 'कमाल मर्यादेपेक्षा जास्त' एवढंच लिहिलेला रिपोर्ट उपचारांचा परिणाम बघायला निरुपयोगी असतो, कारण ३००० चं १२०० झालं तरी तो तसाच दिसतो. अशा वेळी नमुना पातळ करून नेमका आकडा द्यायला सांगायचं. बऱ्याच लॅब देतात.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन या गोळ्या आतड्याच्या अस्तराला इजा करतात आणि कॅलप्रोटेक्टिन वाढवतात. कोलायटिसच्या काही रुग्णांत आजारही चाळवतात. तपासणीआधी निदान दोन आठवडे त्या बंद हव्यात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. हृदयासाठी दिलेली कमी डोसची अॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका, ती चालू आहे एवढं सांगा. आम्लपित्तासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्यांनीही आकडा थोडा वर जातो. 'गोळी चालू आहे का' असं विचारलं की लोक फक्त कोलायटिसची औषधं सांगतात; गुडघ्यासाठी, डोकेदुखीसाठी घेतलेली गोळी त्यांच्या हिशेबात औषधच नसते. तुम्ही ती आपणहून लिहिलीत, त्यामुळे अर्धं काम झालं.

आता नमुना. याबद्दल कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. एकाच दिवसात दोनदा शौचाला झालं तर दोन्ही नमुन्यांचे आकडे वेगळे येऊ शकतात, आणि आजार सक्रिय असताना हा फरक मोठा असतो. दोन वेळांमध्ये जितकं जास्त अंतर, तितकं प्रथिन साठून आकडा जास्त. म्हणून सकाळचं पहिलं शौच वापरायचं आणि दर वेळी तेच वापरायचं. भांड्यातल्या पाण्याला किंवा लघवीला लागण्याआधी नमुना घ्या. कोरड्या भांड्यात किंवा पसरलेल्या कागदावर शौच करून डबीच्या झाकणाला असलेल्या चमच्याने दोन-तीन ठिकाणांहून थोडं थोडं उचला. वाटाण्याएवढं पुरतं. रक्त किंवा चिकट आव दिसत असेल तर मुद्दाम तेवढंच उचलू नका आणि मुद्दाम टाळूही नका. अगदी पाण्यासारखं शौच असेल तर आकडा पातळ होऊन खरा त्याहून कमी दिसू शकतो. मासिक पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये. पोट बिघडून जुलाब झाले असतील तर काही आठवडे जाऊ द्या. कोलोनोस्कोपी ठरलेली असेल तर पोट साफ करायचं औषध घेण्याच्या आधी नमुना द्या. डबी त्याच दिवशी पोचवणं उत्तम. नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत द्या. गरम जागी पडून राहिलेल्या नमुन्यात प्रथिन हळूहळू कमी होतं, आणि खोटा दिलासा देणारा आकडा हा खोट्या भीतीपेक्षा वाईट.

पुन्हा केलेल्या तपासणीचं काय करायचं? १५० च्या खाली आला तर आहे ते औषध चालू ठेवा, तीन महिन्यांनी एकदा बघा, मग नेहमीच्या वेळापत्रकावर या. दीडशे ते अडीचशेच्या मध्ये घुटमळला तर मी पहिल्यांदा गोळ्या रोज घेतल्या जातात का हे विचारतो. बरं वाटायला लागलं की मेसालामाइनचे डोस चुकणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, त्यात रागावण्यासारखं काही नाही. पण ते कळल्याशिवाय 'औषध लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढणं चूक. डाव्या बाजूच्या आजारात मेसालामाइनचा एनिमा जोडणं हा त्या मानाने सुरक्षित उपाय असतो, आणि तो विनाकारण विसरला जातो.

दुसरा आकडाही अडीचशेच्या वर आला, तर मग ती गोष्ट खरी मानायची. इन्फ्लिक्सिमॅब हे शिरेतून द्यायचं औषध चालू असलेल्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात, महिन्याच्या अंतराने सलग दोनदा ३०० च्या वर आलेला आकडा हा आजार उलटण्याचा एका आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा इशारा ठरला होता. तुमची औषधं वेगळी आहेत, पण दोनदा बघण्यामागचा विचार तोच. अशा वेळी शौचाची संसर्गासाठी तपासणी करायची आणि दुर्बिणीतून बघायचं. डाव्या बाजूच्या आजारात त्यासाठी दर वेळी पूर्ण कोलोनोस्कोपी लागत नाही. सिग्मॉइडोस्कोपी थोडक्या वेळात होते, तयारीला एनिमा पुरतो आणि गुदाशय व त्याच्या लगतचा मोठ्या आतड्याचा भाग (सिग्मॉइड) नीट दिसतात. सूज दिसली तर उपचार वाढवायला ठोस कारण मिळतं. अझाथायोप्रिन घेणाऱ्यांत त्याच्या सक्रिय घटकाची रक्तातली पातळी बघून डोस कमी पडतोय का हेही कळतं.

आकड्यांवर नजर ठेवून उपचार बदलल्याने खरंच फायदा होतो का, हा रास्त प्रश्न आहे. क्रोन्ससाठी याचं चांगलं उत्तर 'कॅल्म' (CALM) नावाच्या चाचणीने दिलं. २४४ रुग्ण, दोन गट. एका गटात फक्त लक्षणं आणि स्टिरॉइडची गरज बघून अॅडालिम्युमॅब या इंजेक्शनचे उपचार वाढवले. दुसऱ्यात त्यासोबत कॅलप्रोटेक्टिन २५० आणि सीआरपी ५ या मर्यादाही धरल्या. ४८ आठवड्यांनी अस्तर भरून आलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३० टक्के आणि दुसऱ्यात ४६ टक्के निघालं. माणसाला बरं वाटणं आणि आतडं बरं असणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर भरून काढायलाच ही तपासणी आहे.

हेच अंतर उलट्या दिशेनेही असतं, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. पोट दुखतंय, चार-पाच वेळा जावं लागतंय, गॅस होतोय, आणि कॅलप्रोटेक्टिन ४०. आतड्याचा दाह शांत असलेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना इरिटेबल बॉवेलसारखा (सूज नसताना पोट बिघडत राहण्याचा) त्रास होत राहतो. त्यांचा त्रास खरा असतो, पण त्यावर स्टिरॉइड हा उपाय नव्हे. नुसती लक्षणं ऐकून 'पुन्हा उफाळलं' म्हणत स्टिरॉइडचे कोर्स घेत राहिलेले रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण साध्या डबीभर नमुन्याने त्यांतले बरेचसे कोर्स टळले असते. असा कमी आकडा आला की विचार दुसरीकडे वळवायचा: छोट्या आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्यांत पित्तक्षारांमुळे होणारे जुलाब, क्रोन्समध्ये जुन्या व्रणांमुळे अरुंद झालेलं आतडं, दुधातली साखर न पचणं. रक्त पडतंय आणि आकडा अगदी कमी आहे, तर मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) आहे का ते बघायचं.

क्रोन्सबद्दल एक सावधगिरी सांगायलाच हवी. आजार फक्त छोट्या आतड्यात असेल तर सूज बरीच असूनही आकडा मोठ्या आतड्याच्या आजाराइतका वाढत नाही. अशा रुग्णात आजार सक्रिय असताना एकदा आकडा काढून ठेवायचा. तेव्हाच तो ९० असेल, तर पुढे ९० बघून खूश होण्यात अर्थ नाही. तिथे आतड्याची सोनोग्राफी किंवा एमआर एंटेरोग्राफी (छोट्या आतड्याचा एमआरआय) जास्त सांगते. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन महिने आकडा तसाही वर राहतो. त्यानंतर मात्र आजार परत येतोय का हे पाहायला तो फार कामाचा आहे. या रुग्णांवरच्या पोसर अभ्यासात १०० ही रेघ वापरून बरंचसं पुनरागमन पकडता आलं. शस्त्रक्रियेनंतर सहा ते बारा महिन्यांत एकदा दुर्बिणीने बघणं मात्र टाळू नये.

लहान मुलांत, साधारण चार-पाच वर्षांपर्यंत, निरोगी असतानाही आकडा जास्त असतो. त्यांना मोठ्यांची रेघ लावू नका. गरोदरपणात हिमोग्लोबिन, ईएसआर, सीआरपी सगळंच इकडेतिकडे होतं, तेव्हा कॅलप्रोटेक्टिन बऱ्यापैकी भरवशाचं राहतं, आणि दुर्बीण टाळायला मदत होते.

लॅक्टोफेरिन हेही न्यूट्रोफिलमधलंच, लोहाला धरून ठेवणारं प्रथिन. माहिती साधारण तीच देतं. दोन्ही करून दुप्पट खात्री मिळत नाही. तुमच्या लॅबमध्ये जे नियमित होतं ते एक निवडा आणि त्याला चिकटून राहा. शौचातलं सूक्ष्म रक्त मोजणारी फिट तपासणी अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये अस्तर पूर्ण भरलं का हे कळायला उपयोगी पडते. घरच्या घरी फोनच्या कॅमेऱ्याने वाचता येणारे किटही आले आहेत. ते सोयीचे आहेत, पण त्यांचे आकडे लॅबच्या आकड्यांच्या रांगेत लावू नका. वेगळी नोंद ठेवा.

किती दिवसांनी करायचं? सगळं शांत असताना सहा ते बारा महिन्यांनी एकदा. नवं औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर दोन ते चार महिन्यांनी, आकडा स्थिर होईपर्यंत. औषध कमी करायचं किंवा थांबवायचं ठरलं असेल तर पहिलं वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी, कारण लक्षणं दिसायच्या काही आठवडे ते काही महिने आधी आकडा चढायला लागतो आणि तेवढा वेळ हातात मिळतो. दर महिन्याला तपासणारे लोकही असतात. १२० चं १६० झालं की झोप उडते, १६० चं ११० झालं की सुटकेचा निःश्वास. हे चढउतार बहुतेक वेळा नमुन्याचेच असतात. दुप्पट-तिप्पट झालं किंवा सलग दोन-तीनदा चढत गेलं तरच दखल घ्या.

शेवटचा प्रश्न कोलोनोस्कोपीचा, आणि तिथे तुमच्या बाबतीत आकड्यापेक्षा 'नऊ वर्षं' हे शब्द मला जास्त महत्त्वाचे वाटतात. गुदाशयाच्या पुढे पसरलेल्या कोलायटिसमध्ये, लक्षणं सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी कर्करोगपूर्व बदल शोधण्यासाठी कोलोनोस्कोपी सुरू करायची असते. सोबत प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा पित्तनलिकांचा आजार असेल तर निदान झाल्यापासूनच. असे बदल कॅलप्रोटेक्टिनला दिसत नाहीत. आकडा ३० असला तरी ही तपासणी टळत नाही. गेल्या वर्ष-दीड वर्षात ती झाली नसेल तर आता करायचीच आहे. फक्त ती शक्यतो सूज शांत असताना करावी, कारण सुजलेल्या अस्तरात बायोप्सी वाचणं अवघड होतं. म्हणून आधी पुन्हा कॅलप्रोटेक्टिन. ते कमी आलं तर कोलोनोस्कोपीची तारीख घ्या आणि दोन्ही कामं एकदम उरका. पुन्हा जास्तच आलं तर सिग्मॉइडोस्कोपी, उपचारांत बदल, आणि सूज ओसरल्यावर कोलोनोस्कोपी. जुन्या सगळ्या कॅलप्रोटेक्टिन रिपोर्टांची तारीख, लॅब, आकडा आणि त्या वेळी चालू असलेली औषधं एका कागदावर लिहून घेऊन जा. मधल्या काळात रक्त दिसलं, रात्री शौचासाठी उठावं लागलं, किंवा ताप आला, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.